सासवडपर्यंत

आळंदीहून पंढरपूरला जाणारी ज्ञानोबांची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटर चालते. त्यातली सगळ्यात लांब मजल पुण्यातून सुरू होते. भवानी पेठेतून पहाटे निघायचं, तीस किलोमीटरांहून जास्त रस्ता तुडवायचा, शेवटच्या टप्प्यात दिवे घाट चढायचा आणि अंधार पडता पडता सासवड गाठायचं. वर बहुतेक वर्षी त्या दिवशी योगिनी एकादशी असते, म्हणजे हे सगळं उपासाच्या पोटी. चालणाऱ्यांची परीक्षा घ्यायची म्हणून कुणी मुद्दाम दिवस आखला असता, तरी इतका नेमका जमला नसता.

आणि नेमक्या याच दिवसासाठी पुण्यातले हजारो लोक घराबाहेर पडतात. बँकेतले, कॉलेजातले, सोसायटीतले, आयटी दिंडीतले. डोक्यावर पांढरी टोपी, पायांत पळायचे बूट, खिशात पॉवर बँक. सकाळी निघायचं आणि रात्री बसनं घरी यायचं. मीही त्यातलाच. सह्याद्रीत भटकण्यात बरेच रविवार घातले असल्यामुळे अंतराची धास्ती नव्हती. पण डोंगरात आपण आपल्या वेगानं चालतो, हवं तिथं थांबतो, आणि माणसं जितकी कमी भेटतील तितकी वाट चांगली असं मानतो. इथं यातलं काहीच चालणार नव्हतं.

पहाटे भवानी पेठेत पोचलो, तेव्हा पालखी विठोबाच्या देवळाकडे जाणारे रस्ते माणसांनी भरलेले होते. पालखी पुण्यात दोन रात्री राहते. ज्ञानोबा इथं, तुकोबा जवळच नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाच्या देवळात. त्या दोन दिवसांत पेठांची तऱ्हाच बदलते. जिन्यांच्या कठड्यांवर धोतरं आणि नऊवारी लुगडी वाळत पडलेली, शाळांच्या वर्गांत बाकं भिंतीला लावून सतरंज्या घातलेल्या, दुकानांच्या फळ्यांवर माणसं झोपलेली. नळाखाली आंघोळी उरकत होत्या. एका बोळाच्या तोंडाशी चांभारकाम करणारा एक जण ओळीनं बसलेल्यांच्या चपलांचे अंगठे शिवून देत होता. पैसे पुढे केले तर मान हलवून पुढची चप्पल उचलायचा.

तुतारी तीनदा होते. पहिलीला आवराआवर, दुसरीला आपापल्या जागी उभं राहायचं, तिसरीला पालखी हलते. आपापल्या जागी म्हणजे अक्षरशः. इथं प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली आहे आणि ती जागा क्रमांकानं ओळखली जाते. सगळ्यात पुढे अश्व, त्यांच्या मागे सत्तावीस दिंड्या, मग माउलींचा रथ, आणि रथामागे त्याहून कितीतरी पट अधिक दिंड्या. दिंडीच्या आतही तसंच. पुढे भगव्या पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, त्यांच्यात पखवाज, गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. गायचंही मनाला येईल ते नाही. सकाळी भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, मग वाराचे अभंग, संध्याकाळकडे हरिपाठ. अभंग कोणता चाललाय यावरून जुना वारकरी किती वाजले असतील ते सांगतो.

ही शिस्त लष्करी वाटते, आणि तिचं मूळही तिकडेच आहे. परंपरा सांगते की 1685 पासून तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज ज्ञानोबा आणि तुकोबा या दोघांच्या पादुका एकाच पालखीतून पंढरीला नेत असत. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबांचा सोहळा वेगळा काढला. 1832 च्या सुमाराला ही घडी बसली असं मानतात. हैबतराव हे साताऱ्याकडच्या आरफळ गावचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदारी केलेले. छावणी कशी उठवायची, कूच कसं करायचं, मुक्कामाला तळ कसा पाडायचा हे त्यांना ठाऊक होतं. घोडे आणि तंबू बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी दिले, आणि आजही अश्व तिथूनच येतात. त्यामुळे पुलगेट ओलांडून पालखी वानवडीत शिंदे छत्रीपाशी थांबली, आरती झाली, तेव्हा मला तो थांबा भलता जुळून आल्यासारखा वाटला. महादजी शिंदे 1794 साली वानवडीतच वारले. त्यांच्या घराण्याच्या फौजेतून आलेल्या माणसानं लावलेली चाल आजही त्यांच्या छत्रीवरून जाते.

मी कुठल्या दिंडीतला नव्हतो. जो दिंडीत नाही तो मोकळा समाज. त्यानं कडेनं चालायचं, दिंडीच्या ओळीत घुसायचं नाही. सुरुवातीला मी डोंगरातल्या सवयीनं फटीफटीतून पुढे सरकत होतो. दर पाच मिनिटांना समोर नवी दिंडी यायची आणि पुन्हा वाट अडायची. हडपसरच्या अलीकडे एका टाळकऱ्यानं टाळ न थांबवता हसून विचारलं, "माउली, गाडी चुकायलीय का?" मग मी त्यांच्याच बाजूनं चालू लागलो. परभणी जिल्ह्यातली दिंडी होती. त्यांची चाल माझ्यापेक्षा हळू वाटत होती, पण ती थांबत नव्हती. अभंगाच्या ठेक्याला पाऊल पडायचं, चढ-उतार काहीही असो. तासाभरात माझ्या लक्षात आलं की पुढे धावून, दम खाऊन मी जेवढं कापत होतो, तेवढंच अंतर हे लोक गात गात कापतायत आणि त्यांना धाप लागलेली नाही.

हडपसरला गाडीतळावर दोन पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. ज्ञानोबा उजवीकडे सासवडच्या रस्त्याला वळतात, तुकोबा सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरला जातात. पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला सगळ्या पालख्या पुन्हा एकत्र येतील. गाडीतळावरचा उड्डाणपूल, होर्डिंगं, बंद ठेवलेली दुकानं, गच्च्यांवरून माना काढलेली माणसं. शहर इथून सुटतं असं म्हणायची पद्धत आहे, पण ते इतक्यात सुटत नाही. पुढे फुरसुंगी, मग उरुळी देवाची. कपड्यांची गोदामं, गाड्यांची शोरूम, प्लॉटिंगच्या पाट्या. आणि वारा फिरला की एक वास. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं या गावांच्या माथी टाकला गेलाय. त्या कचरा डेपोविरुद्ध इथल्या लोकांनी आंदोलनं केलीत, कचऱ्याच्या गाड्या अडवल्यात. आज मात्र हीच गावं रस्त्याच्या दोन्ही कडांना मांडव घालून उभी होती. केळी, राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याची खिचडी, भाजलेले शेंगदाणे, ताक. एक म्हातारे गृहस्थ पाण्याच्या पिंपाशी खुर्ची टाकून बसले होते. येणाऱ्याच्या हातात पेला द्यायचे आणि प्रत्येकाच्या पायाला हात लावायला वाकायचे. मी पाय मागे घेतला तर म्हणाले, "तुमच्या नाही पडत हो मी, वाटेला पडतोय."

परभणीच्या दिंडीतल्या एका मावशींशी माझी गाठ इथंच पडली. साठीच्या पुढच्या, डोक्यावर छोटं तुळशीवृंदावन, पायांत साध्या प्लॅस्टिकच्या चपला. माझ्या बुटांकडे बघून म्हणाल्या, "हे पायाला जड नाही होत?" मी कुठवर येणार, असं त्यांनी विचारलं. सासवडपर्यंत म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. त्यात कौतुकही नव्हतं आणि तुच्छताही नव्हती. त्यांच्या मुलाचा सकाळपासून तीनदा फोन येऊन गेला होता. पेरणी झालीय, पाऊस नाही. "पडंल," त्या म्हणाल्या, "नाही पडला तर दुबार पेरणी. मी तिथं बसून काय पडणार हाय का?" मग थोड्या वेळानं त्यांनीच पुन्हा फोन लावला आणि आभाळ कुठल्या अंगाला आलंय ते विचारलं. वारीतले निम्मे फोन हे असेच असतात. पाऊस, म्हैस, शाळेत सोडलेली नातवंडं. सगळं सोडून आलेलं कुणीच नाही. सगळं बरोबर घेऊन, तरी ठरल्या दिवशी निघालेले हे लोक.

ठरल्या दिवशी, हे महत्त्वाचं. लांब पल्ल्याच्या वाटा जगात पुष्कळ आहेत. स्पेनमध्ये सांतियागोला जाणारी जुनी यात्रेची वाट आहे. तिथं 1984 साली एलियास व्हालिन्या या धर्मगुरूनं दगडांवर, भिंतींवर पिवळे बाण रंगवायला घेतले. आता कुणीही, कोणत्याही महिन्यात, एकट्यानं त्या बाणांमागे चालू शकतो. आपल्या सह्याद्रीतही दगडावरचा बाण दिसला की हायसं वाटतं. या वाटेवर मात्र एकही बाण नाही, कारण बाणाची गरजच पडत नाही. ती ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत उगवते, आषाढी एकादशीला पंढरपुरात पोचते, आणि मधल्या काळात त्या त्या गावात त्या त्या तिथीला असते. रस्ता रुंद होवो, फुटो, वळण बदलो. 2021 मध्ये पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, आता कित्येक ठिकाणी पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी केलीय, दिवे घाटात रुंदीकरणासाठी डोंगर कापलाय. वारकऱ्याला याचं फार सुखदुःख नाही. त्याची वाट डांबरावर नाही, क्रमात आहे. 2020 आणि 2021 साली साथीमुळे पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या दोन्ही आषाढांत रस्ता जागच्या जागी होता, किंबहुना इतका मोकळा तो कधीच नव्हता. पण चालायला वाट नव्हती.

हा क्रम नुसता गोड मानून चालणार नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे पुण्याच्याच. त्या वारीला चालल्या आणि त्यांनी लिहून ठेवलं की एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायका बरोबर चालतात, बरोबर गातात, पण स्वयंपाक आणि पंगत वेगळी. त्यांनी दोन्ही पंगतींत जेवून पाहिलं आणि ती फट त्यांना सलत राहिली. जो क्रम वाट टिकवतो तोच जुन्या भिंतीही टिकवू शकतो. आज मी ज्यांच्याबरोबर चाललो त्या दिंडीत एकाच भिशीवर, म्हणजे सामाईक वर्गणीवर, सगळ्यांचा स्वयंपाक होत होता. सामानाचा ट्रक आणि आचारी पुढे गेलेले, उपासाचं सगळ्यांना एकच. पण त्या भिशीत कोण कोण सामील आहे आणि कोण कधीच नव्हतं, हे एका दिवसात मला दिसणार नव्हतं.

वडकी नाल्यावर विसावा झाला. समोर घाट उभा. पावसाळ्याच्या तोंडी त्याचा रंग ठरलेला नसतो, खाली खडक तपकिरी आणि वर गवताची नुसती हिरवी झाक. घाटाच्या पायथ्याशी पेशवाईतला मस्तानी तलाव आहे, त्यात जेमतेम पाणी होतं. रथाच्या बैलांना इथं जादा बैलजोड्या जोडतात. चढ सुरू झाला तसा मी मनातल्या मनात सावरलो, आता माझा प्रांत होता. पण घाटाच्या पहिल्याच वळणावर टाळांचा आवाज वाढला. थकव्यानं तो बसायला हवा होता, तर उलटा चढला. दम लागला की माणूस गप्प होतो, हा माझा डोंगरातला अनुभव. यांनी चढावर चाल बदलली, अभंगाची लय थोडी जलद केली आणि पावलं आखूड केली. तसं करून पाहिलं आणि चढ खरोखरच हलका झाला. इतकी वर्षं मी चढावर लांब ढांगा टाकत आलो होतो.

मधल्या वळणांवर वर पाहिलं की पताकांची रांग डोंगराच्या अंगावर नागमोडी चढताना दिसते, आणि खाली पाहिलं तर तीच रांग अजून वडकीतून येतेच आहे. घाटाच्या कडेच्या टेकाडांवर छायाचित्रकारांची जत्रा भरलेली. वर ड्रोन घोंगावत होते. मावशींनी एकदा वर बघितलं आणि पदर नीट केला.

माथ्यावर विठ्ठलाची उंच मूर्ती आहे. तिथं मी कडेला होऊन मागे वळून पाहिलं. पुण्याकडचं सगळं धुरकट मैदान, इमारतींचे खांब, लांबवर टेकड्या. ही डोंगरधार माझ्या ओळखीची. सिंहगडापासून कात्रज, बोपदेव, दिवे घाट करत ती पूर्वेला भुलेश्वराकडे जाते. कात्रज ते सिंहगड ही तिच्यावरची चाल पुण्यातल्या प्रत्येक भटक्यानं कधीतरी केलेली असते. पण ही धार पाणलोटाची सीमा आहे, हे मला इथंच नीट जाणवलं. माझ्या मागे पडणारा पाऊस मुळा-मुठेला जाणार आणि तिच्यातून भीमेला. माझ्या पुढे पडणारा कऱ्हेला, कऱ्हेतून नीरेला. नीरा आणि भीमा नीरा-नरसिंहपूरला भेटतात आणि तिथून खाली पंढरपूरला जाऊन तीच भीमा चंद्रभागा म्हणवते. आळंदीची इंद्रायणीही तुळापुरापाशी भीमेला मिळालेली असते. म्हणजे घाटाच्या या अंगाला पडो की त्या अंगाला, पाणी जायचं तिथंच जातं. पालखी मात्र सोप्या उतारानं जात नाही. ती मुठेच्या खोऱ्यातून मुद्दाम चढून कऱ्हेच्या खोऱ्यात उतरते, कारण सासवडला कऱ्हेकाठी सोपानदेवांची समाधी आहे. थोरला भाऊ धाकट्याच्या गावावरून जातो, मग वाटेत घाट का असेना.

माथ्यापासून सासवड जवळ वाटतं, पण ते जवळ नाही. झेंडेवाडीचा विसावा, मग दिव्याचं पठार. वारा खरा इथं लागला. दोन्ही बाजूंना अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा, मध्येच पेरणीसाठी तयार ठेवलेली काळीभोर रानं. गुडघ्यांनी आता हिशेब मागायला सुरुवात केली होती. सकाळपासून बरोबर असलेले शहरातले बरेच जण घाटमाथ्यावरच फोटो काढून थांबले होते, काही रस्त्याकडेला बूट काढून बसले होते. दिंडीतली माणसं हरिपाठावर आली होती. मावशींच्या चपलेचा अंगठा तुटला. त्यांनी पिशवीतून सुतळी काढली, बांधली आणि दोन मिनिटांत ओळीत आपल्या जागी परतल्या. जागा तशीच मोकळी ठेवलेली होती. पुढची मागची माणसं तितकंच अंतर राखून चालत राहिली होती.

सासवडचा तळ दिवे लावून तयार होता. राहुट्यांच्या रांगा, चुली, टँकरच्या नळांवर रांगा. पालखी तळावर आली की समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-पखवाजांचा कल्लोळ शिगेला पोचलेला असतो आणि चोपदार चोप उंचावतो. एका क्षणात सगळं गप्प. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिनं मात्र टाळ वाजवत राहायचे. त्या रात्री एका कोपऱ्यातून टाळ वाजत राहिले. चोपदार त्यांच्याकडे गेला. घाटात मागची दिंडी त्यांच्या ओळीत शिरली, क्रम मोडला, अशी काहीशी कुरबुर होती. बोलणं झालं, दोन्हीकडच्या माना हलल्या, टाळ थांबले. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची यादी सांगितली गेली, उद्याच्या सूचना झाल्या आणि आरती सुरू झाली. लाखाच्या जमावात एका दिंडीची जागा दोन हात सरकली, तर सगळ्यांनी थांबून ते ऐकून घ्यायचं. तिथं उभं राहून मला सकाळचे माझे फटीफटीतले धक्के आठवले आणि हसू आलं. तेव्हा कुणी टाळ वाजवला नाही, कारण मोकळ्या समाजाची तक्रार कुणाकडे करणार!

मावशींचा निरोप घ्यायला राहुटीपाशी गेलो. त्या पायांना तेल लावत बसल्या होत्या. उद्या सासवडलाच मुक्काम, परवा जेजुरी, असं त्यांनी सांगितलं. पाऊस पडला का विचारलं, तर म्हणाल्या, "शिंतडलाय थोडा. पण तुमी बसा आधी, उभ्या उभ्या काय बोलता?" बसलो. बसल्यावर उठायला माझ्या गुडघ्यांनी जी मिनतवारी करायला लावली, तिला त्यांच्या राहुटीतल्या सगळ्या बाया हसल्या.

दिवे घाट बंद असल्यामुळे परतीची बस बोपदेव घाटानं निघाली. आमच्यासारखेच एकदिवसी वारकरी सगळे. कुणी घड्याळातली पावलं मोजत होतं, कुणी फोड. मी फोनवर पंचांग उघडून पुढच्या वर्षीची योगिनी एकादशी पाहिली. ती भर आठवड्यात येत होती, शनिवार-रविवारच्या आसपासही नव्हती. उपाय नाही, तिथी हलणार नाही. रजेचा अर्ज आपल्यालाच टाकावा लागणार.